माडीवरील फरशी

ठाण्या-कल्याणच्या जुन्या वाड्यांत माडीवर चालूं लागलें कीं पायाखालची जमीन किंचित् लवते. तिच्या पोटांत सागाच्या तुळया, कडीपाट, त्यावर चोपलेली माती आणि शेणाचें सारवण असे थर असत.

१८५३ सालीं आगगाडी ठाण्यास आली, पुढल्या वर्षीं कल्याणास. १८७१ त रूळ रायचूरास भिडले. वाटेवरच्या शहाबादची फरशी मग वाघिणींतून इकडे येऊं शकली. तळमजल्यावर ती सुखानें बसली. माडीचें काम निराळें. बारा फूट लांब, दहा फूट रुंद खोलींत मातीवरच इंचभर जाड फरशी आणि दोन इंच चुना चढविला, तर दीड टनाहून अधिक भार वाढतो! कित्येक वाड्यांत खालीं शहाबादी, वर सारवण अशी जोडी दिसे. तिला कंजूषपणा म्हणणारांनीं तुळईची जाडी पाहिली नसावी.

जाणता सुतार आधीं माती उपसून जुना भार उतरवी. मग भिंतींत गेलेलें तुळईचें टोंक टोंचून पाही. ओल आणि वाळवी प्रथम तेथेंच शिरतात. किडकी कडी बदलावयाची, दोन कड्यांमध्यें तिसरी घालावयाची, म्हणजे तक्ते लवत नाहींत. तरीही लाकूड पावसाळ्यांत फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. दगड तसा नव्हे. थेट तक्त्यांवर चिकटविलेल्या फरशीचे सांधे म्हणूनच फुटतात. आतां मध्यें सिमेंटचे पातळ तक्ते स्क्रूंनीं बसवितात, आणि भिंतीलगत बोटभर फट मोकळी सोडतात.