टक्का माणसाचा, टक्का निधीचा

सांगवी फाट्याजवळच्या औंध जिल्हा रुग्णालयात पुणे जिल्ह्यातली बरीच माणसं अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी येतात. त्या कागदावर एक आकडा असतो: 45 टक्के, 60 टक्के. पुढे पेन्शन, प्रवासाची सवलत, पालिकेचं अर्थसाहाय्य, या सगळ्याचं दार हाच आकडा उघडतो. पण हा टक्का आला कुठून?

त्याचं एक मूळ कारखान्यात सापडतं. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. कुठला अवयव गेला की कमाईची ताकद किती टक्के गेली, याचा तो तक्ता. आकडे मधल्या काळात बदलले. नंतरच्या तक्त्यात अंगठा गेला तर 30, पूर्ण तर्जनी गेली तर 14. पिंपरी ते चाकण पट्ट्यात प्रेस मशीनवर काम केलेल्याला हे वेगळं समजावायला नको. इथे प्रश्न एवढाच होता की भरपाई किती द्यायची. माणसाला रोज काय मदत लागेल, हे कोणी विचारतच नव्हतं.

मग आला 1995 चा अपंग व्यक्ती कायदा. तो 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला. अपंगत्वाचे 7 प्रकार आणि किमान 40 टक्क्यांची अट त्यात होती. त्याच कायद्यात गरिबी निर्मूलनाच्या योजनांमध्ये किमान 3 टक्के वाटा राखायचं कलमही होतं. म्हणजे एक टक्का माणसावर, दुसरा निधीवर. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी आधी 3 आणि नंतर 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा, ही पद्धत याच वाटेने रुजली.

माणसाचा टक्का मोजायला 2001 मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. 2018 मध्ये त्या सुधारल्या. दोन प्रकारचं अपंगत्व असेल तर सरळ बेरीज करत नाहीत. मोठा आकडा अ, लहान आकडा ब धरला, तर सूत्र असं: अ + ब × (90 − अ) ÷ 90. म्हणजे 60 आणि 30 मिळून 90 नाही, 70 होतात. गणित म्हणून नीटनेटकं आहे. पण 70 टक्केवाला तळमजल्यावर राहतो की लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर, हे सूत्राला कळत नाही.

ऑस्ट्रेलियाने 2013 च्या कायद्याने वेगळी वाट धरली. तिथे पात्र व्यक्तीच्या नावाने आराखडा बनतो आणि त्याचं बजेट ठरतं. ते स्वतः सांभाळायचं, व्यवस्थापक नेमायचा की सरकारी संस्थेवर सोपवायचं, याचाही पर्याय असतो. वाद तिथेही आहेत, पण निदान वाद गरजेवर होतो.

आपल्याकडे निधी लेखाशीर्षाच्या नावाने असतो. पिंपरी-चिंचवड महापालिका दिव्यांगांना दरमहा अर्थसाहाय्य देते, मोरवाडीत दिव्यांग भवन आहे. हे थोडंथोडकं नाही. राज्याची संजय गांधी निराधार योजना 1980 पासूनची. तिची रक्कम 2019 मध्ये 1000, 2023 मध्ये 1500 आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी 2500 रुपये झाली. कशावर खर्च करायचे हे घर स्वतः ठरवतं असे सरकारी पैसे म्हणजे ही दरमहाची रोख मदत. मदतनीस, रिक्षा, डायपर, फिजिओथेरपी हे सगळं त्यातच बसवायचं. म्हणजे आराखडा आपल्याकडेही असतो, फक्त तो आईच्या वहीत असतो.

2016 च्या नव्या कायद्याने प्रकार 21 केले, योजनांतला वाटा 5 टक्क्यांवर नेला. फारशी चर्चा न झालेलं त्याचं कलम 38 मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. जास्त आधाराची गरज असलेली व्यक्ती त्याखाली अर्ज करू शकते, आणि मंडळाने तिची गरज तपासायची आहे. 1923 पासून आपण काय गेलं ते मोजत आलो. काय लागतं ते मोजायची सोय या कलमात आहे. ती वापरली, तर आईच्या वहीतला हिशेब सरकारी कागदावर येऊ शकतो.