मनःप्रतिमा व अंतर्वाणी : व्यक्तिभेद

समोर नसलेली वस्तू, जागा किंवा माणूस मनात ‘दिसणे’ म्हणजे मनःप्रतिमा आणि ओठ न हलवता मनातल्या मनात बोलणे म्हणजे अंतर्वाणी. दोन्हींचे प्रमाण व स्पष्टता माणसागणिक बदलते. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलच्या चार रोजच्या प्रवाशांना कल्याणनंतरचे पहिले स्टेशन, विठ्ठलवाडी, डोळे मिटून आठवायला सांगितले, असे समजा. एकाला फलाट, पादचारी पूल, पाटीवरची अक्षरे लख्ख दिसतील. दुसऱ्याला काहीतरी पुसट दिसेल. तिसऱ्याच्या कानात उद्घोषणा घुमेल. चौथ्याला ना दिसेल ना ऐकू येईल, पण फलाट कोणत्या बाजूला येतो हे त्यालाही पक्के ठाऊक असेल. चौघेही उतरताना योग्य दाराशीच उभे राहतात. बाहेरून फरक कळत नाही तो यामुळेच; आणि म्हणूनच जो तो सगळ्यांचे मन आपल्यासारखेच चालते असे धरून बसतो.

भक्तिपरंपरेने या दोन्ही शक्तींना पूर्वीपासून कामाला लावले आहे. वारकरी भजनात रूपाचे अभंग असतात. विटेवरची उभी मूर्ती, कमरेवरचे हात, कानांतली कुंडले, गळ्यातली तुळशीमाळ असा एकेक तपशील सांगत ते ऐकणाऱ्याच्या मनात मूर्ती उभी करू पाहतात. नामस्मरणाचा भर मात्र वाणीवर. जपाचे वाचिक, उपांशू आणि मानस असे तीन प्रकार मानले जातात आणि मनुस्मृतीत त्यांतला मानस जप सर्वांत श्रेष्ठ ठरवला आहे. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त पश्यंती, मध्यमा आणि वैखरी असे वाणीचे स्तर मांडले, संतवाङ्मयात परा धरून ते चार झाले. यांतली मध्यमा आजच्या अंतर्वाणीच्या कल्पनेला बरीच जवळची आहे. रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ (संख्या २०५) तर थेट मनालाच उद्देशून आहेत. एवढ्यावरून ‘हे सारे आपल्याकडे आधीच माहीत होते’ असे म्हणणे घाईचे होईल. या मांडणीत वाणीचे स्तर आहेत, साधनेच्या पायऱ्या आहेत. पण शेजारी बसलेल्या दोघांची मने जन्मतःच वेगळी असू शकतात, हा मुद्दा तीत नाही.

तो प्रश्न पहिल्यांदा पद्धतशीरपणे विचारला फ्रान्सिस गॉल्टन याने. त्या दिवशी सकाळी न्याहारीचे टेबल जसे होते तसे आठवा, मग चित्र किती उजळ, किती रेखीव, किती रंगीत आहे ते सांगा, असे त्याने शंभर पुरुषांना विचारले. १८८० साली ‘माइंड’ या नियतकालिकात त्याने निष्कर्ष छापले. काहींना टेबल प्रत्यक्ष पाहावे तसे दिसत होते, तर काहींना मनात ‘दिसणे’ ही निव्वळ बोलण्याची रीत वाटत होती. वैज्ञानिक मंडळींत प्रतिमा फिक्या असतात हे त्याचे अनुमान बरीच वर्षे उद्धृत होत राहिले. २००६ मध्ये झालेल्या फेरतपासणीत मात्र त्याला आधार मिळाला नाही. १९७३ मध्ये डेव्हिड मार्क्स यांनी प्रतिमांच्या स्पष्टतेची सोळा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली; आजही तीच सर्वाधिक वापरली जाते.

मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झीमन यांच्याकडे एक निवृत्त सर्वेक्षक आला होता. हृदयावरील अँजिओप्लास्टीनंतर त्याच्या मनातली चित्रे नाहीशी झाली होती. २०१० मध्ये हे प्रकरण प्रसिद्ध झाले. ते वाचून ‘आमचे तर जन्मापासून असेच आहे’ असे कळवणारे लोक पुढे आले आणि २०१५ मध्ये झीमन यांनी या स्थितीला ‘अफँटेशिया’ हे नाव दिले. तिच्या उलट टोकाला, जिथे प्रतिमा जवळजवळ प्रत्यक्षासारख्या असतात, ती ‘हायपरफँटेशिया’. प्रतिमा अजिबात नसणारे लोक साधारण शंभरात एक निघतात. अत्यंत पुसट प्रतिमा असणारे त्यांत धरले तर प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास जाते. हा आजार नव्हे. अशा लोकांपैकी अनेकांना स्वप्ने मात्र चित्रमय पडतात.

माणसाच्या स्वतःविषयीच्या सांगण्यावर किती विसंबायचे, ही या अभ्यासातली जुनी अडचण. ऑस्ट्रेलियात जोएल पिअर्सन यांच्या गटाने तिच्यातून काही वाटा शोधल्या. लख्ख उजेडाची कल्पना केली की बहुतेकांच्या डोळ्यांच्या बाहुल्या प्रत्यक्ष उजेडात होतात तशा थोड्या आकुंचन पावतात. अफँटेशिया असणाऱ्यांत हा परिणाम आढळला नाही (२०२२). भीतिदायक प्रसंग वाचताना त्वचेच्या विद्युतवाहकतेत होणारी वाढही त्यांच्यात दिसली नाही. भयानक छायाचित्रे प्रत्यक्ष दाखवली तेव्हा मात्र ही वाढ इतरांसारखीच होती. २०२१ मधला दुसरा एक प्रयोग विठ्ठलवाडीच्या त्या चौथ्या प्रवाशाचा उलगडा करतो. खोल्यांची छायाचित्रे पाहून ती आठवणीने काढायला सांगितली, तेव्हा अफँटेशिया असणाऱ्यांनी वस्तू कमी काढल्या, रंगही कमी भरले. पण वस्तूंच्या जागा इतरांइतक्याच अचूक होत्या, आणि मुळात नसलेल्या वस्तू त्यांच्या चित्रांत कमी घुसल्या. ‘काय दिसत होते’ आणि ‘कुठे होते’ यांची स्मरणे वेगळी असतात, असे यावरून दिसते.

अंतर्वाणी पकडणे याहून अवघड. लहान मूल खेळताना मोठ्याने स्वतःशी बोलते आणि तेच बोलणे पुढे आत वळते, ही लेव्ह विगॉट्स्की यांची मांडणी (१९३४) आजही पायाभूत मानली जाते. अमेरिकेत रसेल हर्लबर्ट यांनी माणसाच्या कानाशी एक यंत्र दिले. ते अधूनमधून, पूर्वसूचना न देता ‘बीप’ करी आणि त्या क्षणी मनात काय होते हे टिपून ठेवायचे असे. अशा नोंदींत अंतर्वाणी सरासरीने सुमारे एक चतुर्थांश क्षणांत आढळली. पण कोणाच्या नोंदींत ती एकदाही नव्हती, तर कोणाच्या बहुतेक नोंदींत होती. ‘माझ्या डोक्यात सतत बोलणे चालू असते’ असे ठामपणे सांगणाऱ्यांचीही प्रत्यक्ष नोंद काही वेळा वेगळेच दाखवते. शब्द नाही, चित्र नाही, तरीही विचार स्पष्ट आहे, असेही क्षण पुष्कळ निघाले. २०२४ मध्ये योहाना नेडरगार्ड आणि गॅरी लुप्यान यांनी अंतर्वाणी फार कमी असणाऱ्यांची चाचणी घेतली. शब्दांच्या याद्या लक्षात ठेवणे आणि यमक जुळते का ते ठरवणे यांत ते मागे पडले. एका कामावरून दुसऱ्या कामावर वळण्यात मात्र कमी नव्हते.

गणितात हा भेद सहज दिसतो. मराठी शाळेत पाढे, पावकी, निमकी, दिडकी चालीवर घोकलेला माणूस पुढे सगळा व्यवहार इंग्रजीत करू लागला तरी गुणाकार करताना आतून बहुधा ‘बे दुणे चार’ हेच ऐकतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे वाचन सुचवल्यावर महाराष्ट्रात वादळ उठले. पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचा मुद्दा मुलांना जोडाक्षरी, उलट्या क्रमाची संख्यानामे जड जातात असा होता. त्या वादाचा रोख अस्मितेवर राहिला. ज्या मुलाच्या मनात आकडा शब्द म्हणून वाजतच नाही त्याचे काय, हे फारसे कोणी विचारले नाही.

ठाणे-डोंबिवलीत लोकप्रिय असलेल्या अबॅकसच्या वर्गांत नेमकी उलटी वाट असते. मुलगा मण्यांची पाटी मनात धरतो आणि हवेत बोटे हलवत हिशेब करतो. या पद्धतीचा कसून अभ्यास गुजरातेत झाला. मायकेल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर यांना २०१२ मध्ये असे दिसले, की हिशेब चालू असताना भाषेचा व्यत्यय आणला तरी या मुलांचे काम बऱ्यापैकी चालू राहते. वडोदऱ्यात तीन वर्षे चाललेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अंकगणितात सुधारणा आढळली. जाहिरातींत सांगतात तशी स्मरणशक्ती वा एकाग्रता मात्र वाढली नाही, आणि जास्त फायदा झाला तो स्थानविषयक स्मरण आधीपासून चांगले असलेल्या मुलांना.

पुन्हा अफँटेशियाकडे वळायचे तर, तिच्यात प्रतिमा खरोखरच तयार होत नाही, की तयार होऊनही जाणिवेपर्यंत पोहोचत नाही, यावर मतभेद आहेत. अशा व्यक्तींनी कल्पना करण्याचा प्रयत्न केला असता मेंदूच्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रात त्या वस्तूविषयीची माहिती उमटते, असे २०२५ मधल्या एका मेंदूप्रतिमांकन अभ्यासात आढळले; मात्र तिचे स्वरूप प्रत्यक्ष पाहताना उमटणाऱ्या माहितीशी जुळत नव्हते.