तळ्याचं पाणी कुणाचं?



हळदीकुंकवाची गडबड संपली आणि आमच्या गटाची सहल पुण्याला निघाली. वर्षभर दर बैठकीला प्रत्येकीने थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. आम्ही बावीस जणी. सोबत भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. साताऱ्याकडून पुण्यात शिरताना आधी कात्रज लागतं. तिथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे आणि त्याच्या आवारातच कात्रजचं मोठं तळं आहे. तुम्हीही जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा, बुधवारी हे उद्यान बंद असतं.

वाघ पाहिला, हत्ती पाहिला, साप पाहिले. पण पाय दुखायला लागल्यावर सगळ्या जणी बसलो त्या तळ्याकाठीच. सगळं उद्यान १३० एकरांचं, त्यातलं ४२ एकर नुसतं पाणी. भोवती झाडी, मागे डोंगर, पाण्यावर पाखरं. आम्ही दुष्काळी भागातल्या बाया. एवढं पाणी नुसतं बघायला मिळालं तरी जीव निवतो.

आमच्या गटात सगळ्यांत थोरल्या आत्या आहेत, वय सत्तरीच्या पुढे. त्या पाण्याकडे बघत नव्हत्या, धरणाच्या दगडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "ह्यो दगुड हितं चालत आला न्हाई, बायांनो. कुणाच्या तरी डोक्यावर बसून आलाय."

आत्यांना दगडाचं वजन माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळात, नवं लग्न झालेलं असताना, त्या आपल्या गावच्या पाझर तलावाच्या कामावर होत्या. त्यांच्या एका वाक्याने आम्हाला कामाला लावलं. घरी आल्यावर पुस्तकं मागवली, जाणत्यांना विचारलं आणि त्या तळ्याचा माग काढला. तोच आज तुम्हाला सांगतो.

हे तळं आपोआप झालेलं नाही, ते बांधलेलं आहे. साधारण पावणेतीनशे वर्षांपूर्वी बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब पेशवे, यांच्या काळात पुणं वाढत होतं. नव्या पेठा वसत होत्या, माणसं येत होती, विहिरी पुरत नव्हत्या. तेव्हा कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबील ओढा दगडी धरण घालून अडवला. १७५० च्या आसपास हे काम झालं. एक वरचं तळं, एक खालचं.

पाणी अडवलं, पण ते शहरात न्यायचं कसं? तेव्हा वीज नाही, मोटार नाही. कात्रज उंचावर आणि शनिवारवाडा उताराला, म्हणून उताराचाच उपयोग केला. दगड-चुन्याचा बंद नळ जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत नेला. अंतर सुमारे आठ किलोमीटर. काही ठिकाणी तर माणूस आतून चालत जाईल एवढा तो उंच आहे. मध्ये मध्ये विहिरीसारखे खड्डे ठेवले, त्यांना उच्छ्वास म्हणतात. त्यांचा तळ नळाच्या तळापेक्षा खोल असतो. त्यामुळे गाळ खाली बसतो, निवळ पाणी पुढे जातं. वर तोंड असल्याने कोंडलेली हवा बाहेर पडते आणि गाळ काढायला माणसालाही उतरता येतं. आपण माठात पाणी निवळायला ठेवतो आणि वरचं वर काढून घेतो ना? युक्ती तीच.

वाड्यात या पाण्याची कारंजी उडत. पेठांमध्ये हौद बांधले होते, त्यात पाणी पडे आणि लोक तिथून भरून नेत. आता लोक म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. कागदावर धरण बांधणाऱ्याचं नाव राहिलं. हौदापासून चुलीपर्यंत पाणी कुणाच्या कमरेवर गेलं, त्याची नोंद कुठे सापडायची?

आणि सगळ्यांनाच हौदाला हात लावता येत नव्हता. पाणी डोंगरातून सगळ्यांच्या पायांखालून वाहत आलं, पण वर काढताना त्याला जात चिकटली. दलित बाईने घागर घेऊन बाजूला उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर वरून ओतून घ्यायचं. म्हणून १८६८ साल आपण लक्षात ठेवायला हवं. त्या साली जोतीराव फुले यांनी पुण्यातल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. त्या घरात सावित्रीबाई होत्या. घरच्या पाण्यावर कोण येणार, हा निर्णय घरातल्या बाईच्या साथीशिवाय टिकत नाही, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

पुण्यात आणखी एक हौद होता, बाहुलीचा हौद. सत्यशोधक समाजाचे डॉ. विश्राम रामजी घोले यांची मुलगी काशीबाई लहानपणीच गेली. वडील तिला शिकवत होते आणि त्याचा लोकांना राग होता, असं सांगतात. तिच्या आठवणीसाठी वडिलांनी हौद बांधला, त्यावर बाहुली बसवली आणि तो सर्व जातींना मोकळा ठेवला. हे वाचून झाल्यावर आमच्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

पुढे इंग्रजांच्या काळात खडकवासल्याचं धरण झालं, नळ आले, हौद मागे पडले. पण १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि नळ बंद झाले. तेव्हा जुन्या विहिरी आणि हौदच पुणेकरांच्या कामी आले, असं म्हातारी माणसं सांगतात.

आता त्या ओढ्याचं ऐका. परतीच्या वाटेवर आम्ही सारसबागेत भाकरी सोडली. हिरवळीवर बसून जेवलो. नंतर कळलं की आम्ही बसलो होतो तो तळ्याचा तळ होता! आंबील ओढ्याच्याच पाण्यावर पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेबांनी दुसरं तळं केलं होतं. त्यातल्या बेटावर पुढे गणपती बसवला गेला, म्हणून त्याला तळ्यातला गणपती म्हणतात. ते तळं पुढे बुजलं, तिथे बाग झाली. गणपती राहिला, तळं गेलं.

ओढा मात्र आपली वाट विसरला नाही. त्याच्या कडेने वस्त्या वाढल्या, पात्र आवळत गेलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरात धो धो पाऊस झाला आणि पाणी घराघरांत शिरलं. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं दगावली. ओढ्याकाठी राहणारे बहुतेक हातावर पोट असलेले. आपल्याच गावांतून कामासाठी गेलेली माणसंही त्यांत राहतात. तळं ज्यांच्या डोळ्यांना सुख देतं ते वेगळे आणि त्याचं पाणी ज्यांच्या घरात शिरतं ते वेगळे.

मैत्रिणींनो, हे सगळं आम्ही आज का सांगतोय? कारण आमच्या गावच्या तलावाचं सुशोभीकरण होणार आहे. कट्टा होणार, दिवे लागणार, कुंपण होणार. चांगलं आहे. संध्याकाळी पोराबाळांना घेऊन बसायला आम्हालाही आवडेल. पण कुंपणाच्या आत धुण्याचा दगड राहणार का? शेरडं, म्हसरं पाण्यावर कुठून जाणार? उन्हाळ्यात टँकर आला नाही तर घागर घेऊन कुठे उभं राहायचं? नकाशात यातलं काहीच नाही. नकाशा काढणाऱ्याचं वाईट मनात नसेल, पण त्याने कधी घागर उचललेली नाही.

आणि पाटी लागेल तेव्हा तिच्यावर नावं कुणाची? आत्या सांगतात, त्या तलावावर बाया निम्म्याहून जास्त होत्या. पुरुषांनी खोदायचं, बायांनी पाट्या वाहायच्या. तान्ही पोरं बाभळीच्या सावलीला झोळीत. दुपारी सुकडी मिळायची, ती अर्धी खायची आणि अर्धी पदरात बांधून घरी न्यायची. आत्यांसोबत काम केलेल्यांपैकी आज गावात चारच जणी उरल्या आहेत. त्या चौघी गेल्या की आमचा तलावही कात्रजसारखाच होईल, दगड राहतील आणि वाहणारी माणसं पुसली जातील.

म्हणून आम्ही ठरवलं आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तो आपला हक्क आहे. त्या सभेत तीन मागण्या लेखी देणार. धुण्याचा घाट आणि जनावरांची वाट नकाशात दाखवा. सांडव्याची आणि ओढ्याची जागा मोकळी ठेवा. पाटीवर "१९७२ च्या दुष्काळात गावातल्या बायांनी आणि पुरुषांनी बांधलेला तलाव" असं लिहा. आत्यांना हे वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "बाया आधी लिवलं, ते झ्याक केलं."

तुमच्याही गावात तळं, बारव किंवा पाझर तलाव असेलच. पुढच्या बैठकीला गावातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला बोलवा. तिला विचारा: हे कुणी खोदलं? पाणी कुणाला मिळायचं? कुणाला लांब उभं केलं जायचं? जे सांगेल ते वहीत लिहून घ्या, नाहीतर फोनवर रेकॉर्ड करून आमच्या केंद्रावर आणून द्या. आम्ही तिच्याच आवाजात ते सगळ्यांना ऐकवू.

आणि कात्रजला गेलात, तर वाघ जरूर बघा. पण थोडा वेळ त्या तळ्याकाठीही बसा आणि दगडाकडे बघा.

नमस्कार.