माघातला पट्टा

वणव्याची गोष्ट आजी उन्हाळ्यात कधी सांगायची नाही. ती निघायची मार्गशीर्षात, गवताच्या पेंढ्या बांधता बांधता. सुकलेल्या पात्या हातात करकरायच्या, कुसळं लुगड्याला चिकटायची, आणि गोष्ट कशाची आहे हे आम्हा पोरांना वेगळं समजावून द्यावं लागायचं नाही.

पोलादपूरच्या वर, सह्याद्रीच्या एका सोंडेवर आमचा कोंड. खाली सावित्रीचं खोरं, माथ्यावर महाबळेश्वरचं पठार. आजी लग्न होऊन आली तेव्हा एकाही घरावर कौल नव्हतं. कुडाच्या भिंती आणि वर गवताचं शाकार. सगळा कोंडच पेट घेण्याजोगा, आणि चारी बाजूंनी पुरुषभर उंचीचं गवत.

तिची गोष्ट स्वातंत्र्याच्या चार-पाच वर्षं आधीच्या फाल्गुनातली. भर दुपारी खालच्या घळीतून धूर वर आला. दुपारचा वारा खालून चढतो, आणि आगही चढणीला पळते, कारण ज्वाळा वरच्या अंगाच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. आजी म्हणायची, "उतारानं वणवा चालत येतो, चढणीला त्याचा घोडा होतो." पुरुष ओले डहाळे घेऊन धावले. बायांनी आधी गुरांची दावी कापली, मग गोणपाटं भिजवली.

आग घरांपर्यंत पोचलीच नाही. माघात कोंडाभोवती काढलेल्या पट्ट्याशी ती अडली, तिथे खायला काही नव्हतं तिला. पण वाऱ्यानं जळती कुसळं उचलली आणि छपरांवर टाकली. आजीची थोरली जाऊ पदर खोचून आढ्यापर्यंत चढली आणि धुमसणाऱ्या पेंढ्या उपसून खाली फेकत राहिली. पेटतं शाकार पाणी मारून विझवायच्या नादी लागायचं नाही, उपसायचं; पाणी वरून घसरतं आणि आग आतून सरकते. तिच्या तळहातांवरचे डाग मी पाहिलेत. म्हातारपणी भाकरी थापताना ते पांढरे दिसायचे. ते घर वाचलं. शेवटचं घर मात्र गेलं. त्या घरानं पेंढ्याची उडवी भिंतीला लागून रचली होती. ठिणगी उडवीवर पडली, मग वाशांना वेळ लागला नाही. त्या वर्षापासून उडवी घरापासून चाळीस पावलं लांब, असा कोंडाचा नियमच झाला. नवी सून आली की तिला विहिरीची वाट दाखवायच्या आधी उडवीची जागा दाखवत.

पट्टा काढायचा दिवस गावकीत ठरायचा. दर घराचा एक माणूस. आठ-दहा हात रुंदीतलं गवत मुळापर्यंत कापायचं, पातेरा ओढून काढायचा, आणि उरलेली खुंटं संध्याकाळी वारा पडल्यावर जाळायची. विझल्यावर आमचे आबा अनवाणी त्या राखेवरून चालत जायचे. तळव्याला ऊब लागली तर तिथे पाणी.

पातेरा वाया जायचा नाही. तो राबाला, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा भाजायला, जायचा. शेण, टहाळ, पातेरा, गवत असे थर लावून वर बारीक माती, आणि पावसाआधी त्याची भाजावळ. ज्या बाजूला वारा जातो त्या बाजूनं पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते, जमीन खोलवर भाजते, तणाचं बी मरतं. घराभोवतीचं जळण अशा रीतीनं दर साल गोळा होऊन वाफ्यात जळायचं, डोंगरावर नाही. मला हे उमगायला फार वर्षं लागली.

सरकारलाही ते सहजी उमगलं नव्हतं. 1878 च्या कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली आणि राबासाठी टहाळ तोडण्यावर बंधनं आली. ठाण्याच्या आणि कुलाब्याच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या, लोकांनी इतकी ओरड केली की 1885 मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. पुढे 1927 च्या वन कायद्यात 26 वं कलम आलं. राखीव जंगलात कुणी मुद्दाम किंवा घोर हलगर्जीनं आग लावली, तर तिथला चराईचा हक्क सरकार स्थगित करू शकतं. आबांना कलमाचा आकडा ठाऊक नव्हता, अर्थ पक्का ठाऊक होता. एकाच्या विडीपायी सगळ्या कोंडाची गुरं उपाशी.

डोंगरातली माणसं आग लावत नाहीत असं मी म्हणणार नाही. जाळलं की गवत जोमानं येतं, ही समजूत आमच्याकडेही होती, अजून आहे. काळ्या डोंगरावर कोवळी पाती उठून दिसतात, म्हणून ती जास्त वाटतात. करवंदीची, आंब्याची रोपं मात्र त्यात जातात, आणि पहिल्या पावसात राखेसकट माती सावित्रीत उतरते.

कोंड मुंबईला गेला, आधी गिरण्यांत, 1982 च्या संपानंतर मिळेल त्या कामाला. गुरं कमी झाली, राब थांबले, गवत उभंच राहू लागलं. आता घरांवर पत्रे आणि कौलं आहेत, पण वळचणीखाली पातेरा साचलेला, कौलांच्या फटीतही. अमेरिकेच्या वनखात्यात घरं कशी पेटतात याचा अभ्यास करणारे जॅक कोहेन यांचं म्हणणं वाचलं तेव्हा मी जागचा उठलो. घर वाचतं की जातं हे बहुतेकदा घरावर आणि त्याच्या सभोवतालच्या शे-सव्वाशे फुटांत काय पडलंय त्यावर ठरतं, आणि बरीच घरं ज्वाळेनं नाही, उडत्या निखाऱ्यांनी पेटतात. आजीनं हे पेंढ्या बांधताना सांगितलं होतं.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची उपग्रहावरून टिपलेल्या आगीची सूचना आता मोबाईलवर मिळू शकते. ती मोलाचीच आहे. पण ती येते तेव्हा डोंगर पेटलेला असतो. गवत त्याआधी कापायला हवं, आणि त्याला माणूस लागतो.

गेल्या माघात आम्ही चौघं चुलतभाऊ गेलो. गवत कापायचं यंत्र भाड्यानं घेतलं, पातेरा बायकांनी ओढला. जाळलं काही नाही, सगळं खड्ड्यात भरलं. दोन दिवसांत कोंडाच्या तीन बाजू मोकळ्या झाल्या. चौथ्या बाजूला कंबरभर गवत उभं होतं, जमीन विरारला राहणाऱ्या एका भावकीतल्याची. फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "कापा दादा. शनिवारी मी पण येतो, पोराला घेऊन. त्याला उडवीची जागा दाखवायचीय."