फवारणीचं विष आणि बारामतीतली दोनशे माणसं



द्राक्षाला औषध मारलं, डाळिंबाला औषध चाललंय, उसाला औषध टाकायचंय असं आपण रोज बोलतो. पिकावरच्या विषाला आपण औषध म्हणतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण 'तिनं औषध घेतलं' असं कुणी हलक्या आवाजात सांगितलं की कसलं औषध, हे विचारावं लागत नाही. आमच्या बारामती-इंदापूरकडच्या गटांत कर्जाचं रजिस्टर उघडलं तर शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी यांच्या खालोखाल 'दवाखाना' हा शब्द दिसतो, आणि त्यातला काही दवाखाना या औषधापायी असतो. कुणी फवारताना चक्कर येऊन पडलेला असतो, तर कुणी रागाच्या भरात बाटली उचललेली असते.

आज आम्ही तुम्हाला या विषाचा आणि त्याच्या उताऱ्याचा इतिहास सांगणार आहोत. त्यातलं एक महत्त्वाचं पान आपल्या बारामतीत लिहिलं गेलं, आणि ते आपल्यातल्याच फार थोड्यांना माहीत आहे.

या विषांच्या कुळाला ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात. १९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनतज्ज्ञ किडींवरचं औषध शोधत होता. त्याच्या हाती अशी रसायनं लागली की त्यातलं एक, टाबून, पुढे युद्धातला विषारी वायू म्हणून तयार केलं गेलं. म्हणजे माणसं मारायचा वायू आणि कीड मारायचं औषध एकाच घरातले. याच श्राडरने पॅराथिऑन बनवलं. आपल्याकडची म्हातारी माणसं अजून 'फॉलिडॉल' हे नाव घेतात, ते हेच. १९५८ साली केरळात हे विष जहाजात खाण्याच्या पिठावर सांडलं आणि ते पीठ खाऊन शंभराहून जास्त माणसं गेली. त्यानंतर देशात कीटकनाशकांचा कायदा व्हावा अशी हालचाल सुरू झाली आणि १९६८ मध्ये तो झाला. दहा वर्षं लागली, हे आपलं आम्ही जाता जाता नोंदवतो.

आता हे विष शरीरात करतं काय? नीरा डावा कालवा आपल्याकडे १८८५ पासून आहे, त्यामुळे पाटाच्या पाण्याची गोष्ट तुम्हाला वेगळी सांगायला नको. चारीचं दार उघडलं की रानात पाणी येतं आणि भिजलं की पाटकरी दार बंद करतो. आपल्या नसांमधून निरोप असाच जातो. निरोप पोचला की तो बंद करायला शरीरात एक पाटकरी असतो, त्याला एन्झाइम म्हणतात. हे विष त्या पाटकऱ्याला बांधून घालतं. मग दार उघडं ते उघडंच. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, घामानं अंग निथळतं, उलट्या-जुलाब होतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे छातीत पाणी भरतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. स्नायू आधी फडफडतात, मग लुळे पडतात. श्वास घ्यायचा तोही स्नायूंनीच, त्यामुळे माणूस श्वासापायी जातो.

असा रोगी समोर आला की तो किती गंभीर आहे हे ठरवायचं कसं? यासाठी श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये एक साधी मोजणी सांगितली. पेराडेनिया हे तिथल्या गावाचं नाव, तेच मोजणीलाही मिळालं. बाहुलीचा आकार, श्वासाची गती, नाडी, स्नायूंची फडफड आणि शुद्ध या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे, आणि झटके आले असतील तर एक गुण जास्त. मोठं यंत्र लागत नाही, रक्त तपासायची वाट बघावी लागत नाही. गरीब देशातल्या दवाखान्यात काय असतं आणि काय नसतं, हे ठाऊक असलेल्यांनीच ती केली आहे.

उतारे दोन. पहिला ॲट्रोपिन. आपल्या बांधावरच्या धोत्र्यातही हे द्रव्य असतं, पण म्हणून कुणी धोत्रा वाटून पाजू नका, त्यानं दुसरी विषबाधा होईल. ॲट्रोपिन पाटकऱ्याला सोडवत नाही. ते रानाला बांध घालतं, म्हणजे वाहत्या पाण्यानं नासाडी होत नाही. दुसरा उतारा प्रॅलिडॉक्सिम, दवाखान्यात त्याला 'पॅम' म्हणतात. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आयर्विन विल्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो शोधला. पॅम पाटकऱ्याची दोरी सोडतं. पण ओली गाठ सुटते, वाळलेली सुटत नाही. काही विषांची गाठ चार-पाच तासांतच वाळू लागते, काहींची दीड दिवसानं. म्हणूनच पॅम किती द्यायचं, किती वेळा द्यायचं आणि किती लवकर द्यायचं, यावर जगभरच्या डॉक्टरांत पन्नास वर्षं वाद होता. कुणी म्हणे उपयोग होतो, कुणी म्हणे होत नाही, कुणी म्हणे अपायच होतो.

बारामतीचं पान इथे येतं. गिरिराज हॉस्पिटलमध्ये कीर्ती पवार, रमेश भोईटे आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी विषबाधा झालेल्या २०० रोग्यांवर एक अभ्यास केला. पुणं इथून शंभर किलोमीटर. म्हणजे हा तालुक्याच्या गावातला अभ्यास, मोठ्या शहरातल्या कॉलेजातला नव्हे. सुरुवातीला सगळ्यांना २ ग्रॅम पॅम दिलं. मग रोग्यांचे शंभर-शंभरचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या पद्धतीनं दर चार तासांनी १ ग्रॅम. दुसऱ्याला दर तासाला १ ग्रॅम, सलाइनमधून सतत. हे ४८ तास चाललं. हिशेब केला तर पहिल्या गटाला १२ ग्रॅम आणि दुसऱ्याला ४८ ग्रॅम, चौपट.

कोण कुठल्या गटात जाणार, हे डॉक्टरांच्या मनावर ठेवलं नव्हतं. आपल्या भिशीत जशी चिठ्ठी निघते, तसं ते नशिबावर सोडलं होतं. हे ऐकून गटातल्या बायका आम्हाला विचारतात, 'माणसाच्या जिवाची चिठ्ठी काढायची?' प्रश्न बरोबर आहे. पण असं बघा, नवं खत तुम्ही काळ्या कसदार रानात टाकलं आणि जुनं मुरमाड रानात, तर पीक खतामुळे आलं की जमिनीमुळे, हे कसं कळणार? डॉक्टरनं बरे दिसणारे रोगी एका गटात टाकले तर तीच गत. आणि दोन्हीतली कुठली पद्धत चांगली हे खरंच कुणालाच ठाऊक नसतं, तेव्हाच अशी चिठ्ठी काढणं न्यायाचं होतं. एक चांगली आहे हे माहीत असून दुसरी देणं हा मात्र गुन्हाच.

निकाल डिसेंबर २००६ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हे नियतकालिक १८२३ पासून निघतं. चार तासांनी औषध मिळालेल्या शंभरांतले ८ गेले. सतत मिळालेल्या शंभरांतला १ गेला. घशात नळी घालावी लागली ती पहिल्या गटात ८८ जणांना, दुसऱ्यात ६४ जणांना. पहिल्या दिवशी लागलेलं ॲट्रोपिन मधल्या रोग्याच्या हिशेबानं ३० मिलिग्रॅम विरुद्ध ६. आपल्याकडे ॲट्रोपिनची लहान कुपी ०.६ मिलिग्रॅमची असते, म्हणजे पन्नास कुप्या विरुद्ध दहा. आणि व्हेंटिलेटरवर राहायचे दिवस १० विरुद्ध ५.

या शेवटच्या आकड्यापाशी आम्ही जरा थांबतो. अतिदक्षता विभागातले पाच दिवस म्हणजे काय, हे ज्या घरानं भोगलं त्यालाच कळतं. बाहेर बाकड्यावर झोपणारी सासू, गहाण पडलेलं डोरलं, गटातून उचललेलं आणि मग दोन वर्षं न फिटणारं कर्ज. पॅम स्वस्त नाही आणि चौपट द्यायचं म्हणजे खर्च आलाच, पण पाच दिवस वाचले तर घराचा हिशेब बदलतो.

इतकं सांगून थांबलो असतो तर अभिमानाची गोष्ट झाली असती. पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २००९ मध्ये श्रीलंकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे २३५ रोगी होते. त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला होता. एका गटाला पॅम, दुसऱ्याला नुसतं सलाइन, ॲट्रोपिन मात्र दोघांनाही. पॅमवाल्या १२१ जणांतले ३० गेले, सलाइनवाल्या ११४ जणांतले १८. पॅमनं जीव वाचतो असं तिथे दिसलंच नाही. मग खोटं कोण? आमच्या समजुतीप्रमाणे कुणीच नाही. तिथला ताशी डोस बारामतीच्या निम्मा होता. बारामतीत मध्यम गंभीर रोगी घेतले होते आणि जवळ व्हेंटिलेटर होते. विषंही सगळीकडे सारखी नसतात, कुणाची गाठ लवकर वाळते. दोन्ही अभ्यास एकत्र बघणाऱ्या तज्ज्ञांनी पॅमबद्दल पक्कं सांगण्याइतका पुरावा नाही, असंच म्हटलं. वाद नाही तो ॲट्रोपिनबद्दल, श्वासाला आधार देण्याबद्दल आणि लवकर पोचण्याबद्दल.

हा उशीर आपल्याच घरात होतो. कुणी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला बघतो, ते फुप्फुसात जातं. कुणी देवऋष्याकडे नेतो. आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो पोलिसांच्या भीतीनं. तर नीट ऐका. अशा रोग्याची नोंद दवाखाना पोलिसांना कळवतो, ते खरं. पण २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की जीव द्यायला निघालेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानायचं आणि तिच्यावर खटला भरायचा नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलमही राहिलेलं नाही. तातडीच्या रोग्याला आधी उपचार, कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगून ठेवलंय.

म्हणून १०८ ला फोन करा. अंगावरचे कपडे काढून साबणाच्या पाण्यानं अंग धुवा, धुणाऱ्यानं हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी. माणसाला कुशीवर झोपवा, तोंडानं काही देऊ नका. आणि बाटली बरोबर न्या, कारण तिच्यावरच्या नावावरून डॉक्टरांना गाठ कुठली ते कळतं. ज्याचं मन असं भरून येतंय, त्याच्यासाठी १४४१६ हा सरकारचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

घरात कुलपाची पेटी ठेवा, असं आपण मेळाव्यांत नेहमी सांगतो. लहान मुलांसाठी ती हवीच. पण श्रीलंकेत १८० गावांत याचाही अभ्यास झाला. निम्म्या गावांत पेट्या दिल्या, निम्म्यांत नाही. २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा विष घेणाऱ्यांच्या संख्येत फरक दिसला नाही. फरक पडला तो त्या देशानं १९९५ पासून एकेक जहाल विष बाजारातूनच काढलं तेव्हा. आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांहून जास्त खाली आलं आणि पिकंही बुडाली नाहीत. आपल्याकडे यवतमाळात २०१७ मध्ये फवारताना वीसहून जास्त माणसं गेली. २०१८ च्या आदेशानं १८ कीटकनाशकं बंद केली, त्यातली सहा ३१ डिसेंबर २०२० पासून. बाटलीवर लाल त्रिकोण असेल तर ते सर्वांत जहाल. पिवळा, निळा आणि हिरवा हे उतरत्या क्रमानं. दुकानात पुरुष गेले तरी घरी आलेली बाटली आपल्या नजरेखालून जाते, तेव्हा त्रिकोण बघा. लाल असेल तर कृषी सहायकाला दुसरा पर्याय विचारा, आणि एका फवारणीला लागेल तेवढंच आणायला सांगा. उरलेलं विष घरात राहतं, ते असं जादा आणल्यामुळेच.

पुढच्या भागात विंचवाची गोष्ट. महाडला डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपाय कसा शोधला, ते सांगू. विंचू उतरवणारे तुमच्या गावात अजून असतील तर आम्हाला जरूर कळवा, त्यांच्याशीही बोलायचं आहे.