सांख्यिकीविज्ञाचा व्यवसाय, भारतातील

संख्यात्मक माहितीचे संकलन व विश्लेषण करून तीवरून अनुमान काढण्याच्या शास्त्रात प्रावीण्य मिळविलेल्या व त्यावर उपजीविका करणाऱ्या तज्ञास सांख्यिकीविज्ञ म्हणतात. भारतात हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात उदयास आला. तत्पूर्वी देशात आकडेवारीची वाण नव्हती. जमीन महसूल, आयात-निर्यात, जन्म-मृत्यू यांच्या नोंदी ब्रिटिश प्रशासन ठेवीत असे व १८८१ पासून दर दहा वर्षांनी देशभर एककालिक जनगणना होऊ लागली. तथापि हे काम महसूल खात्यातील अधिकारी व कारकून इतर कामांबरोबर उरकीत. आकडा किती विश्वसनीय आहे, हे सांगण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

ही जबाबदारी शास्त्रीय पायावर आणण्याचे श्रेय मुख्यत्वे प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) यांना दिले जाते. ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी डिसेंबर १९३१ मध्ये तेथील एका खोलीतील प्रयोगशाळेतून भारतीय सांख्यिकी संस्थेचा पाया घातला आणि १९३३ मध्ये संख्या हे नियतकालिक सुरू केले. आरंभीचे कार्यकर्ते गणित वा भौतिकी या विषयांतून आले होते कारण सांख्यिकीचे पदवी शिक्षण देशात उपलब्ध नव्हते. कलकत्ता विद्यापीठाने १९४१ मध्ये या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा ही उणीव भरून येऊ लागली.

या पिढीची वाटचाल सी. आर्. राव (१९२०–२०२३) यांच्या चरित्रावरून दिसून येते. गणितातील पदव्युत्तर पदवी घेऊन ते सैन्याच्या पाहणी विभागातील नोकरीसाठी कलकत्त्यास गेले. ती मिळाली नाही तथापि तेथे भारतीय सांख्यिकी संस्थेची माहिती कळून जानेवारी १९४१ मध्ये ते प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल झाले. १९४५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी आकलकाच्या प्रचरणाची नीचतम मर्यादा सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्ष ‘क्रामेर-राव असमानता’ या नावाने सर्वत्र शिकविला जातो.

व्यवसायाची खरी कसोटी शेतात लागली. पिकाचा अंदाज पूर्वी आणेवारीने होत असे. सर्वसाधारण वर्षाच्या उत्पन्नाच्या मानाने यंदाचे पीक किती आणे आहे, हे महसूल कर्मचारी नजरेने ठरवीत व महसुलाची सूट वा तहकुबी त्यावर अवलंबून असे. त्यामुळे अंदाज कमी-अधिक करण्यात शेतकऱ्याचा व सरकारचा, दोघांचाही स्वार्थ गुंतलेला होता. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने अशा सदोष आकडेवारीचे दुष्परिणाम प्रकर्षाने दाखवून दिले. यावर उपाय म्हणून यादृच्छिक रीतीने निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा कापून धान्य तोलण्याची, म्हणजे पीककापणी प्रयोगांची, पद्धत रूढ झाली.

तुकडा किती मोठा असावा, यावर मात्र महालनोबीस व पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) यांच्यात तीव्र मतभेद झाले. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे लंडन येथे शिक्षण घेऊन ते १९४० मध्ये कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले होते. लहान तुकडे पुष्कळ घ्यावेत, त्यामुळे खर्चाच्या मानाने माहिती अधिक मिळते, असे महालनोबीस यांचे मत होते. उलट लहान तुकड्याच्या कडेवरील रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो, त्यामुळे उत्पन्न फुगते, म्हणून सु. १/८० एकराचा तुकडा महसूल खात्याच्याच कर्मचाऱ्यांकडून कापवावा, असे सुखात्मे यांनी प्रयोगांनिशी मांडले. नमुना मोठा करून यदृच्छेने होणारी चूक घटते परंतु एकाच दिशेने होणारी चूक घटत नाही, हा या वादाचा स्थायी बोध होय.

स्वातंत्र्योत्तर काळात राष्ट्रीय नमुना पाहणी (१९५०) व केंद्रीय सांख्यिकी संघटना (१९५१) स्थापन झाल्या. पुणे विद्यापीठात १९५३ पासून वि. शं. हुजूरबाजार यांच्या नेतृत्वाखाली सांख्यिकीचे उच्च अध्यापन होऊ लागले. १९५९ च्या अधिनियमाने भारतीय सांख्यिकी संस्थेस राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा व पदवी देण्याचा अधिकार मिळाला. १९६१ मध्ये भारतीय सांख्यिकी सेवा स्थापन होऊन सांख्यिकीविज्ञास शासनात नियमित सेवाश्रेणी प्राप्त झाली.

प्रतिष्ठेबरोबर उत्तरदायित्वही वाढले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत १९५१ ते १९७० या काळात काम करताना सुखात्मे यांनी जगातील दोन-तृतीयांश लोक उपाशी आहेत, या प्रचलित विधानास आक्षेप घेतला. त्यांच्या १९६१ च्या अंदाजानुसार अन्न अपुरे मिळणाऱ्यांचे प्रमाण सु. १० ते १५ टक्के होते. व्यक्तीची ऊर्जेची गरज स्थिर नसून विशिष्ट मर्यादेत बदलते, म्हणून सरासरी गरजेखालील प्रत्येकास कुपोषित मानू नये, असे ते पुढे पुण्यात परतल्यावरही प्रतिपादीत राहिले. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई दररोज २,२५० कॅलरी हा निकष धरून दारिद्र्याचे मापन केले होते. दांडेकरांनी सुखात्मे यांच्या भूमिकेस ठाम विरोध केला. सीमारेषा किंचित खाली-वर केल्यास कोट्यवधी माणसे भुकेल्यांच्या गणनेत येतात वा तिच्याबाहेर जातात. त्यामुळे हा वाद केवळ तांत्रिक राहिला नाही.

संगणकाच्या प्रसारानंतर विमा, औषधांच्या चाचण्या, बँका व माहिती तंत्रज्ञान या क्षेत्रांत या व्यवसायाचा विस्तार झाला. शासकीय आकडेवारीच्या स्वायत्ततेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. श्रमबल पाहणीचा अहवाल रोखून धरल्याच्या कारणावरून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल त्याच वर्षी मे महिन्यात प्रसिद्ध झाला. पीक विम्याची भरपाई आजही बव्हंशी पीककापणी प्रयोगांवर ठरत असल्याने, तुकडा कोणी, कोठे व कसा कापावा हा जुना प्रश्नही शेतकऱ्याच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा राहिला आहे.