सोमवारची नोंद



तापलेल्या पोलादाला पाणी दिले की ते तत्क्षणी कठीण होते, हे आपला लोहार पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंनाही असेच पाणी देता येईल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुतज्ज्ञाला पडला. काडतुसांच्या पितळी कोशांना हलका पर्याय शोधण्याचे काम त्याच्याकडे होते. बेळगाव हे ओतशाळांचे गाव. म्हणून ही कथा येथे सांगावी असे मला वाटले.

१९०६ साली विल्मने ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४ टक्के तांबे आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम मिसळून ते सुमारे ५२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले व पाण्यात थंड केले. तो शनिवार होता, असे सांगतात. काठिण्य मोजले, ते निराशाजनक भरले. सोमवारी तोच तुकडा पुन्हा मोजला, तर तो स्पष्टपणे अधिक कठीण झालेला! उपकरण बिघडले असे म्हणून ती नोंद खोडून टाकणे सोपे होते. विल्मने प्रयोग पुन्हा पुन्हा केले. काठिण्य काही दिवस वाढत जाते व मग स्थिरावते, हे त्याने सिद्ध केले. त्यातूनच ‘ड्युरॅल्युमिन’ जन्मले आणि हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे होऊ लागले.

परंतु धातूला हे बळ आले कोठून? सूक्ष्मदर्शकातून काहीच दिसत नव्हते. १९१९ साली अमेरिकेत पॉल मेरिका व त्याच्या सहकाऱ्यांनी एक उपपत्ती मांडली. गरम पाकात पुष्कळ साखर विरघळते. पाक निवला की जादा साखरेचे कण सुटू लागतात. तसेच ५४८ अंशांना ॲल्युमिनियममध्ये ५.६ टक्क्यांच्या आसपास तांबे विरघळते. थंडपणी मात्र अत्यल्प. एकाएकी थंड केल्याने तांब्याचे अणू आतच अडकतात आणि मग सावकाश एकत्र येऊन अवक्षेपाचे कण बनवतात. हे कण डोळ्यांना दिसण्याइतके मोठे नसतात, एवढेच.

पुरावा मिळण्यास १९३८ साल उजाडावे लागले. फ्रान्समध्ये आंद्रे गिनिए आणि इंग्लंडमध्ये जॉर्ज प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या साहाय्याने, तांब्याच्या अणूंच्या अतिसूक्ष्म चकत्या ओळखल्या. त्यांची जाडी एखाद-दुसऱ्या अणूइतकीच होती. धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांतील थर ‘विस्थापन’ नावाच्या रेषारूप दोषांच्या सरकण्याने घसरतात. दाट विखुरलेले सूक्ष्म कण या रेषांची वाट अडवतात. हेच ते बळ.

मात्र वाढीला मर्यादा हवी. उष्णता फार वेळ दिली की लहान कण विरघळून मोठे कण त्यांच्या जिवावर वाढतात. कण मोजके उरतात, त्यांच्यातील अंतर वाढते. विस्थापने त्यांच्यामधून वळसा घालून निसटतात आणि धातू पुन्हा मऊ पडतो. याउलट, थंडीत अणूंची हालचाल मंदावते. म्हणूनच विमानांचे काही रिव्हेट पाणी दिल्यावर वापरापर्यंत शीतपेटीत ठेवण्याची पद्धत पडली.

या कथेचा एक दुवा १९९४ साली प्रसिद्ध झाला. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानातील इंजिनाचे ओतीव कवच संशोधकांनी तपासले. त्यात सुमारे ८ टक्के तांबे होते, आणि तेच अवक्षेपही! ओतकामाच्या उष्णतेने ते काम कोणाच्या नकळत साधले होते. विल्मच्या त्या सोमवारापूर्वी तीन वर्षे धातू कठीण होऊन आकाशात गेला होता. पाहणारा मात्र कोणी नव्हता.

निसर्ग आपले काम करतच असतो. फरक पडतो तो न पटणारी नोंद खोडून न टाकणाऱ्या माणसामुळे. या शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांचे आकडे पुस्तकाशी जुळले नाहीत, तर शिक्षकांनी त्यांना खोडरबर देण्यापूर्वी पुन्हा एकदा मोजायला सांगावे, एवढीच माझी विनंती आहे.